बाबांचा अबोला आणि विलायतेतला गोल्फ

वर्ध्याजवळच्या आमच्या आंजी गावात गोल्फचं नाव कुणी ऐकलेलं असायचं काही कारणच नव्हतं. मी वर्ध्याला बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण माझीही मजल मोठे लोक हिरवळीवर काठीनं चेंडू मारतात, इथवरच. सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या जुलैत विलायतेहून दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, पत्र आलं. तो राहायचा त्या गावात गोल्फची फार मोठी स्पर्धा भरणार होती आणि मैदानावर दवाखान्याचा जो तंबू लागणार, त्यात सगळे दिवस त्याची ड्यूटी होती. पत्र नेहमीसारखं माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर आलं. घरी आलं असतं तर बाबांनी ते न उघडताच चुलीत घातलं असतं.

दादा सेवाग्रामला डॉक्टर झाला आणि पुढचं शिकायला स्कॉटलंडला गेला. आई अचानक गेली. तार उशिरा पोचली, विमान उशिरा मिळालं, आणि दादा दारात उभा राहिला तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. बाबा ओसरीवर बसले होते. "आता काऊन आला?" एवढंच म्हणाले. दादा आठवडाभर राहिला, बाबांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो परत गेल्यावर मला म्हणाले, "त्याचं नाव ह्या घरात घ्याचं नाई." त्याला आता तीन वर्षं झाली होती. मला दोघांचाही भयंकर राग यायचा. एक तोंड उघडत नाही, दुसरा पत्रापत्रातून मलाच विचारतो, बाबा कसे आहेत, जेवतात का. आणि मी बसले आहे मधल्यामधे पोस्टमन होऊन! पण आई गेली तशी एक दिवस बाबांचीही तार दादाला जाईल आणि हा अबोला तसाच राहून जाईल, ही धास्ती मला झोपू देत नसे.

दादाची बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. आमच्या घराला लागून किराणा दुकानवाले काकाजी होते, त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. तंबूचं आणि दादाचं हळू आवाजात, गोल्फचं मोठ्यानं. कारण पलीकडे आमच्या अंगणात बाबा अंबाडीचा दोर वळत बसलेले, आमच्याकडे पाठ करून. काकाजींना कशाचाही नाद लागायला वेळ लागत नसे. कॉलेजच्या वाचनालयात नागपूरहून इंग्रजी पेपर यायचा. स्पर्धेच्या आधी त्यात रोज काही ना काही छापून येई, कोण भरात आहे, कोणाची कंबर दुखते आहे, मैदान कसं आहे. मी ते वाचून यायची आणि काकाजी संध्याकाळी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून ऐकायचे.

"मैदानात अठरा भोकं असतात," मी सांगितलं. "एकेका भोकात चेंडू घालायचा. असं चार दिवस."

"अठरा भोकं?" अंगणातून आवाज आला. "एवढ्याशा कामाले चार दिवस? आपल्या बाया एका दिवसात अख्खं वावर टोबून टाकतेत!"

गावात नुकतीच कापसाची टोबणी उरकली होती, भोकं पाडून सरकी टाकण्याची. काकाजी पोट धरून हसले. बाबा पुन्हा दोराकडे वळले, जणू बोललं ते दुसरंच कुणीतरी.

काकाजींनी आपला माणूस निवडला: एक धिप्पाड अमेरिकन पोरगा, चेंडू सगळ्यात लांब मारणारा. पैज लावायला दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवसांनी बाबा दोराला उद्देशून म्हणाले, "समुद्राकाठचं गाव हाय म्हनते ना ते? मंग वारा असन. तिथं जोरात मारनाऱ्याचं काम नाई. तो बुढा सांगितला होता ना ह्या पोट्टीनं, तो बरा." बुढा म्हणजे चाळिशी ओलांडलेला, तिकडचाच एक खेळाडू. मला कोण आनंद झाला! म्हटलं, चला, म्हातारपणी का होईना, बाबांना एक नाद लागला.

पहिल्या दिवसाचा निकाल मीच जाहीर केला. बसमध्ये शेजारच्याच्या हातातल्या पेपरात आकड्यांचा रकाना होता, मी तो उभ्या उभ्या पाहिला. काकाजींच्या पोराचा आकडा भला मोठा, बाबांच्या बुढ्याचा कमी. काकाजींनी ओट्यावर सगळ्यांना शेव वाटली. बाबा शेव न घेताच घरात गेले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बातमी नीट वाचली आणि मला घाम फुटला. ज्यानं कमी वेळा चेंडू मारला, तो पुढे! मी ओट्यावर येऊन हे सांगितलं तेव्हा काकाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"म्हंजे माझा पोरगा मागं हाय? अन् मी शेव वाटली?"

"अरे बापा!" बाबा दोर टाकून उठलेच. "कपाशीवानी नाई म्हंजे हे. जितकं कमी, तितकं भारी! आन इकडं ते शेव." आणि ते हसले. मोठ्यानं, खोकला येईस्तोवर. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. काकाजी शेवेचा डबा घेऊन स्वतः अंगणात गेले.

त्यानंतर बाबा रेडिओ बाहेर आणून ठेवायला लागले. संध्याकाळी विलायतेचं स्टेशन खरखरत लागायचं, मधूनच गोल्फचं दोन-चार मिनिटं काही सांगायचे, आणि मी ते मराठीत सांगायची. शेवटच्या दिवशी तिकडे वादळ झालं होतं. खेळ थांबवलाय, पाऊस आडवा येतोय, असं सांगता सांगता मी जसं ऐकलं तसं बोलून गेले, "मैदानावरचा एक तंबू कोसळला."

बाबा उभे राहिले. "कोनता?"

"ते नाही सांगितलं."

"दवाखान्याचा का?"

दवाखान्याच्या तंबूचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे पाठमोरं बसून ते सगळं ऐकत होते, माझा हळू आवाजही. मला रडू आलं आणि तितकाच संतापही. तीन वर्षं, बाबा! पण ही वेळ भांडायची नव्हती. रेडिओ खरखरत राहिला, तंबूबद्दल पुन्हा काही आलं नाही. बाबा जेवले नाहीत.

सकाळच्या बातम्यांत निकाल कळला. ना पोरगा, ना बुढा, तिसराच कुणी जिंकला होता. काकाजींना तो बाबांनीच अंगणातून ओरडून सांगितला. तंबूचं मात्र बातम्यांत अवाक्षर नव्हतं. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चाल वर्ध्याले. फोन लाव."

तारऑफिसात दादाच्या पत्रावरचा नंबर देऊन फोन नोंदवला आणि बाकावर बसून राहिलो. कितीदा तरी मी खिडकीशी जाऊन विचारलं, खिडकीतला माणूस माझ्यावर खेकसला, मीही त्याच्यावर खेकसले. बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. दुपार कलल्यावर आमचा नंबर लागला. मी धावले.

"दादा, तू बरा आहेस ना?"

"अवो पोट्टे, मले काय होते? चाहाचा तंबू होता तो. कोनाले लागलं नाई. तुले कोनं सांगितलं?"

"बरा आहे," मी वळून सांगितलं. बाबांनी नुसती मान हलवली. आता ते टोपी घालून दाराकडे चालायला लागतील, हे मला दिसत होतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला. पैसे जात होते, जाऊ देत म्हटलं. शेवटी त्यांनी तो घेतला आणि उलटा धरला. मी सरळ करून दिला.

पलीकडून दादा "हॅलो, हॅलो" करत होता. बाबांनी घसा खाकरला.

"कोन जितलं गा?"

पलीकडून दादाचा आवाज आला, चिरकलेला. तो सांगायला लागला, पहिल्यापासून, कोण कसा खेळला, वारा कसा सुटला, कोणाचा चेंडू कुठे गेला. आणि बाबा डोळे मिटून, "हव... हव... मंग?" म्हणत, वेळ संपेपर्यंत ऐकत राहिले.