फटफटीवरून उतरणारे भावोजी

फटफटी विकत घेऊन ती निम्मी वाट ढकलत नेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो आमच्या वाट्याला आला. गाडी बिघडलेली नसायची बरं का. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, मुळातच असे होते. राहायला बदलापूर गावात, नोकरीला अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात. आमचं घर पालेगावात. अंतर काही फार नव्हतं, पण भातशेती, गुरं आणि सासू-सासरे सोडून ताईला माहेरी यायला दोन-दोन महिने जमत नसे. इकडे आईला दम्याने धरलेलं. ताई दारात दिसली की आईची धाप निम्मी कमी व्हायची, हे भावोजींनी पाहिलं होतं. "आईची नि तुझी आठवड्याला भेट झाली पायजे," असं ताईला सांगून त्यांनी गाडी घेतली. हेतू इतका चांगला, की त्याला मी आजही नाव ठेवणार नाही. पुढच्या प्रकाराला मात्र ठेवणार.

गाडी घेतली कॅम्पातून. उल्हासनगर हे नाव तेव्हा पाटीवर आलं होतं, आमच्या तोंडी कॅम्पच होतं. लढाई संपल्यावर लष्कराने टाकून दिलेली ती खाकी गाडी एका सिंधी व्यापाऱ्याने खटपट करून चालती केली होती. बराकींच्या मधल्या मैदानात त्यानेच तीन संध्याकाळी भावोजींना शिकवलं. हात स्थिर, तोल पक्का. चौथ्या दिवशी ते एकटे बदलापूरच्या रस्त्याला लागलेसुद्धा. खरं सांगते, रस्ता मोकळा असला तर भावोजींसारखी गाडी चालवणारा पाहिला नाही. पण रस्त्यावर वडीलधारं माणूस दिसलं की संपलं सगळं. वीस पावलं अलीकडेच इंजिन बंद, भावोजी खाली, नमस्कार. "मोठं माणूस उन्हातून पायी चाललंय, आनि आपण गादीवर बसून त्याच्या तोंडावर धुरळा उडवायचा? ही कुठली रीत?" असं ते मलाच विचारायचे. बरं, नमस्कार करून निघावं की नाही? तर नाही. भेटल्यावर सोडून कसं जायचं? मग गाडी ढकलत त्या माणसाबरोबर त्याच्या मुक्कामापर्यंत चालायचं, आणि वाटेत घरच्या सगळ्यांची चौकशी करायची.

ताईला पहिल्यांदा मागे बसवून निघाले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. वेशीबाहेरच भावोजींचे जुने गुरुजी भेटले. दोघंही उतरली, आणि चिखलोलीपर्यंत तिघं चालत आली. गुरुजी तिथे वळले आणि ही दोघं पुन्हा गाडीवर बसणार, तोच समोरून भावोजींची म्हातारी आत्या आली. आत्या चालली होती बदलापूरला. भावोजींनी निमूट गाडी फिरवली आणि तिच्याबरोबर परत बदलापूरच्या दिशेने चालू लागले! ताईने कपाळावर हात मारला आणि ती एकटीच पायी पालेगावला आली. आमची जेवणं आटोपली तेव्हा भावोजी घामाघूम होऊन पोचले, गाडी हातात. आई पंख्याने वारा घालत म्हणाली, "जावयबापू, पुढच्या वेळी गाडी घरी ठेवून या हो. लवकर पोचाल."

भोंग्याचीही तीच तऱ्हा. माणसाला भोंगा वाजवणं म्हणजे "हो बाजूला" म्हणणं, तेव्हा भोंगा फक्त म्हशींसाठी. माणूस आडवा आला तर भावोजी गाडीवरून अदबीने "जरा वाट द्याल का?" म्हणायचे, आणि इंजिनाच्या आवाजात ते त्यांचं त्यांनाही ऐकू जात नसे. त्यांच्या गावात वयाने लहान पण नात्याने चुलता लागणारा एक गडी होता. भावोजी त्याच्यासाठीही उतरायचे. तो बिचारा इतका ओशाळायचा की लांबून फटफट ऐकू आली की बांधामागे दडून बसायचा. पुढे पुढे ज्यांना कुठे वेळेवर पोचायचं असे, ते सगळेच दडायला लागले. शेवटी कॅम्पातला तो व्यापारी एक दिवस कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "साईं, हाथ जोडता हूँ, बैठ के चलाओ! सारा कॅम्प बोलता है मैंने सडी हुई मशीन बेची." भावोजींनी त्याला मान डोलावून हो म्हटलं. मग तो पायी स्टेशनकडे निघाला, तर हे गाडी ढकलत त्याच्याबरोबर! तो वयाने मोठा होता ना.

आमच्या घराचा मान तर आणखी मोठा. सासूच्या दारात फटफट करत कसं जायचं? म्हणून कोपऱ्यावरच्या चिंचेखाली इंजिन बंद व्हायचं आणि तिथून दारापर्यंत गाडी आवाज न करता यायची. आई अंथरुणावरून चाकांची करकर ओळखायची.

त्या वर्षी भात कापणीला आलं असताना आईचा दम एका सकाळी उतरेचना. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोरल्या मुलीला बोलवा. आत्ताच." चुलतभाऊ सायकल घेऊन बदलापूरला सुटला. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती दाराकडे बघत होती आणि मी मनातल्या मनात रस्ता मोजत होते. नेमका बाजाराचा दिवस. रस्ता म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भरलेला. आज भावोजी दिवेलागणीपर्यंत पोचत नाहीत, आणि आई तोवर राहत नाही, हे मी धरून चालले. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला त्यांच्या नमस्कारांचा भयंकर राग आला होता.

आणि लांबून भोंगा ऐकू आला. सारखा, न थांबता. चिंच आली, तरी फटफट चालूच. गाडी थेट दारात येऊन थडकली. आईने डोळे उघडले आणि धापा टाकत म्हणाली, "अगो, जावय भोंगा वाजवत दारात आले? मग माझं काय खरं नाय." आणि हसली हो! तशात हसली. ताई आत धावत आली, केस सुटलेले, एक वहाण वाटेतच पडलेली. आईने तिचा हात धरला आणि जेवलीस का म्हणून विचारलं. भावोजी उंबऱ्याशी मान खाली घालून उभे होते. "उतरलो नाय, आई. कुणासाठीच उतरलो नाय," एवढंच त्यांना बोलता आलं. संध्याकाळी आई गेली, ताईच्या मांडीवर. आईसाठी आमच्या हातात एवढंच उरलं होतं, आणि ते भावोजींनी केलं.

तेराव्यानंतर भावोजी त्या दिवशी वाटेत न उतरता मागे टाकलेल्या एकेकाच्या घरी जाऊन पाया पडून आले. गाडी घरी ठेवून, पायी. गुरुजी म्हणाले, "अरे, मी तुला पाहिलंच नाही." भावोजींचे वडील मात्र खरं बोलले. रस्त्याकडेच्या शेतात उभे असताना त्यांना सायकलवरच्या माझ्या चुलतभावाकडून बातमी कळली होती. "तुझा आवाज आला तसा मी पाठ करून उभा रायलो," ते म्हणाले. "बाप दिसला असता तर तू उतरला असतास." हे सांगताना भावोजी माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडले.

आई गेल्यानंतरही कित्येक वर्षं ते पालेगावला यायचे, आणि चिंचेखाली इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायचे. एकदा मी चिंचेपाशीच त्यांना गाठलं. म्हटलं, "भावोजी, आता दारात आहे कोण? या की सरळ बसून."

"एकदा बसून आलो होतो ना," ते म्हणाले. "आता नको."

मी मागून गाडीला हात लावला आणि दारापर्यंत त्यांच्याबरोबर ढकलत आले.