अंगठ्याखालचं नाव

नत्थूजी मेश्राम कुणाला पहिल्यांदा भेटले की चेहऱ्याकडे पाहायचेच नाहीत. नजर थेट हातावर. मी कारखान्याच्या गेट ऑफिसात टायपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या दिवशीही त्यांनी माझा नमस्कार अर्ध्यातच थांबवला, डावा अंगठा उजेडाकडे वळवला आणि खूश होऊन म्हणाले, "चक्र आहे पोरी, चक्र! असं गोल, सुबक चक्र लई दिवसानं पाहून राहिलो." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

नागपूरच्या बाहेर, खाणींसाठी सुरुंगाची दारू बनवणारा तो कारखाना होता. आता तो राहिला नाही. सत्तरच्या दशकात मात्र लकडगंजातून सकाळी सायकलींची रांगच्या रांग तिकडे निघायची. गेटवर काडेपेट्या काढून घ्यायचे आणि पास बघायचे. पासवरचे फोटो वर्षभरात इतके पुसट व्हायचे की कुणाच्या पासावर कुणीही आत जावं. म्हणून प्रत्येक कामगाराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा एका कार्डावर घेऊन ठेवलेला असे. अशी दोन-अडीच हजार कार्डं लाकडी खणांत नावाप्रमाणे लावलेली होती आणि त्या खणांचे मालक नत्थूजी. काचेवर शाई पसरायची, रूळ फिरवायचा, अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद लोळवायचा. ठसा उमटला की सीताबर्डीच्या बाजारातून हौसेनं आणलेलं पितळी मुठीचं भिंग डोळ्याला. रेघांचे शंख, चक्र, कमान हे प्रकार, कुठे रेघ फुटते, कुठे तुटते, सगळं ते पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवत.

"अंगठाछाप" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. त्यांच्या वडिलांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर जन्मभर अंगठे उमटवले होते. वडिलांसोबत धम्मदीक्षा घेतली तेव्हा नत्थूजी विशीत होते आणि घरात सही करणारे ते पहिले. एकदा एका बाबूनं कुणा कामगाराला अंगठाछाप म्हणून हिणवलं. नत्थूजी उठून त्याच्या टेबलाशी गेले. "सही कोनीबी गिरवते गा. तुह्या अंगठ्यासारका अंगठा साऱ्या जगात आणून दाखव मले." बाबू वरमला आणि नत्थूजींनी लगेच त्याचा ठसा घेऊन त्याला समजावून दिला.

मग नवे सुरक्षा अधिकारी आले. फौजेतून निवृत्त झालेले, कडक, पण माणूस सरळ. दुसऱ्याच्या पासावर लोक आत येतात असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी हुकूम काढला, वार्षिक पास देताना नवा ठसा जुन्या कार्डाशी जुळलाच पाहिजे. नत्थूजींना आनंदच झाला. आठवडाभर शेकडो अंगठे जुळले. आणि जनाबाई वासनिक आली.

जनाबाई पॅकिंग खात्यात होती. नवरा अपघातात गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलेलं, पदरात दोन मुली. तिचा अंगठा कार्डाशी जुळेना. कार्डावर चक्र, हाताला शंख. साहेबांनी तिथल्या तिथे तिचा पास काढून घेतला. "खरी जनाबाई कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच आहो जी," ती म्हणाली. "दुसरी कोठून आनू?"

दहा दिवसांनी चौकशी ठरली. खोटी ठरली असती तर नोकरी जाऊन वर पोलीस केस. जनाबाई रोज गेटबाहेर कडुनिंबाखाली येऊन बसायची. आत जाणाऱ्या बायका तिच्याकडे बघून आपसात कुजबुजायच्या. नत्थूजींनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, अंगठा खोटं बोलत नाही. पण अंगठ्याखाली नाव लिहिणारा माणूस असते. मले सगळी कार्डं पाहू द्या."

साहेबांनी परवानगी दिली. कार्डं नावाप्रमाणे लावलेली, त्यामुळे ठसा शोधायचा तर एकेक कार्ड हाती घेणं आलं. मी चक्रं आणि कमानी बाजूला काढायची, शंख त्यांच्यापुढे सरकवायची. भिंगानं त्यांच्या डोळ्याखाली लाल वळ उमटला. सहाव्या दिवशी दुपारी ते एका कार्डावर थांबले.

ठसा जनाबाईचा होता. खाली नाव होतं रामदास उके, बॉयलरवरचा कामगार. तो रजेवर असल्यानं त्याची तपासणी अजून व्हायची होती. दोघं एकाच दिवशी रुजू झालेले. दोन्ही कार्डं खिडकीत शाई वाळायला ठेवली आणि नावं मागून लिहिली, त्यांचीच अदलाबदल झाली होती. मी टाळ्याच पिटणार होते, पण नत्थूजींनी ती दोन कार्डं माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. अक्षर त्यांचं होतं.

मी घाबरले. हळूच म्हटलं, "नत्थूजी, नुसती नावं खोडून बदलू या का? कुणाला कळणार नाही."

"काहून वं पोरी?" ते म्हणाले. "मी सुटीन. पन ते बाई लोकाइच्या डोयात खोटीच राहीन ना."

चौकशीला त्यांनी रामदासला गावाहून बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर दोघांचे ताजे ठसे घेतले आणि भिंग साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी चारही ठसे दोनदा पाहिले. मग नत्थूजी उभे राहिले. "नावं म्या चुकवली साहेब. हे अक्षर माहं आहे. ह्या बाईची काही चूक नाही."

साहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं. "हे न सांगताही तुमचं भागलं असतं, मेश्राम."

"भागलं असतं जी. म्हनूनच सांगून राहिलो."

त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो शांतपणे वाचला, "बरोबर लिहिलं आहे" म्हणाले आणि खाली झोकदार सही ठोकली. जनाबाईला पास परत मिळाला, पण ती अडून बसली. "चोरासारकी मांगच्या दारानं नाही जात मी. साऱ्यासमोर काढलं, साऱ्यासमोर घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला गेटमध्ये टेबल मांडलं होतं. साहेब स्वतः हजर. नत्थूजींनी नवं कार्ड घेतलं, त्यावर आधी नाव लिहिलं आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "जनाबाई सुखदेव वासनिक!"

"हो जी, मीच!" ती त्याहून मोठ्यानं ओरडली. मग अंगठा उमटला. साहेबांनी टोपी काढून तिला वाट दिली, पॅकिंगच्या बायकांनी तिला मधे घेतलं आणि सायकली धरून उभ्या असलेल्या चारशे माणसांनी एकदम घंट्या वाजवल्या. नत्थूजी शाईचा हात तसाच वर धरून हसत होते. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून कारखान्यात नियम झाला, नाव आधी, वाचून दाखवायचं, अंगठा मागून. नत्थूजी पुढे निवृत्त झाले आणि काही वर्षांनी झोपेतच गेले. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. कारखाना चालू होता तोवर मी तिथे होते. समोर कुणीही येवो, आधी मी त्याचं नाव विचारलं, लिहिलं, त्याच्या तोंडावर मोठ्यानं वाचलं; तो "हो" म्हणाला, मगच त्याचा हात हातात घेतला.