पूर्वेचा पडदा

माझं माहेर येवल्याचं. तिथे संक्रांतीला घरात कुणी सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर असतं, बायकासुद्धा. त्यामुळे लग्न होऊन नाशिकजवळच्या मळ्यात आले तेव्हा सासरी माझी एकच ख्याती पोचलेली होती, ती म्हणजे ही पोरगी पतंग काटते. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, त्याची भारी गंमत वाटायची. पाहुणे आले की ते सांगायचे, "ही आमची येवल्याची सून. भाकरी बेताची, पण पेच लय जोरात." मी चिडायचे. भाकरी माझी चांगली होते.

मळ्यात आमचं जरबेऱ्याच्या फुलांचं पॉलीहाऊस आहे. लोखंडी पाइपांच्या कमानी, वर प्लॅस्टिकचा जाड कागद, पूर्वेला आणि पश्चिमेला हँडल फिरवून वरखाली करायचे पडदे, पश्चिमेच्या पडद्याशेजारी दार. नाना रोज सकाळी चपला बाहेर काढून आत जायचे. घरात मात्र चिखलाच्या पायांनी थेट स्वयंपाकघरात यायचे, यावरून सासूबाईंचं आणि त्यांचं कायम वाजायचं.

उन्हाळ्यात आमच्याकडे पश्चिमेकडून वारा अचानक उठतो. तो उठला की काय करायचं, याची घरात ठरलेली रीत होती. कमानींना नायलॉनच्या दोऱ्या बांधून त्या आत लोंबत्या सोडलेल्या होत्या, माणशी एक. वारा आला की दोन्ही पडदे खाली करायचे, दार लावायचं आणि प्रत्येकाने आपापल्या दोरीला लोंबकळायचं. छत उडू नये म्हणून माणसांचं वजन! आजूबाजूच्या मळ्यांतही हेच चालायचं. छत आजवर कधी उडालं नव्हतं, म्हणजे रीत बरोबर, असा नानांचा सरळ हिशेब होता.

मला पहिल्या वर्षीच हसू आलं होतं. मी म्हटलं, "नाना, ओढणारा पतंग लोंबकळून कुणी खाली आणतं का?"

"हे घर हाय, पतंग नाय," ते म्हणाले. विषय संपला.

पण माझ्या डोक्यातून तो गेला नाही. येवल्यात पोरांना पहिला धडा दिला जातो तो पतंग उडवायचा नाही, दोरा धरायचा. दोरा हाताला गुंडाळायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मांजा गुंडाळायला आसारी असते, लांब दांडीची फिरकी. हाताला वेढे घेतलेस आणि वर वाऱ्याने हिसका दिला, तर सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. दुसरी गोष्ट मी माझ्या वडिलांकडून शिकले. एका संक्रांतीला वारा इतका होता की माझा मोठा पतंग मलाच कठड्याकडे ओढायला लागला. वडिलांनी तो उतरवून घेतला, उदबत्तीने त्याला दोन भोकं पाडली आणि परत हातात दिला. मी रडायला लागले, नवा पतंग होता. पण तोच पतंग नंतर शहाण्यासारखा उडाला. वाऱ्याला जायला वाट मिळाली होती.

तर त्या दिवशी, एप्रिलमधल्या दुपारी, नवरा फुलांचे बॉक्स टेम्पोत घालून नाशिक रोडला गेला होता. गुडघ्यांमुळे सासूबाईंची दोरी केव्हाच सुटली होती. मी आणि नाना दोघंच आत फुलं काढत होतो. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. आम्ही पळत पडदे खाली केले, दार ओढलं, आणि मीही मुकाट्याने माझी दोरी धरली. हसणं वेगळं आणि नाना एकटे लोंबकळताना नुसतं बघत उभं राहणं वेगळं.

पण त्या दिवशी माणसं कमी आणि वारा जास्त होता. नवऱ्याच्या वाटचं वजनही आपणच टाकावं, असं नानांना वाटलं असणार. त्यांनी दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले.

मी ओरडले, "नाना, गुंडाळू नका!"

"गप धरून ऱ्हाय!"

तेवढ्यात पश्चिमेचं दार चौकटीतून सुटून आत आलं आणि फुलांवर आडवं पडलं. त्यामागून वारा शिरला. हे असं का होतं, ते मी पुढे वाचलं. कमानीवरून जाताना वारा वेग घेतो आणि छताला वर ओढतो, विमानाच्या पंखाला ओढतो तसा. त्यात समोरचं दार उघडं आणि मागचा पडदा बंद असला, तर आत कोंडलेला वारा त्याच छताला खालून ढकलतो. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की कागद ढोलासारखा ताणला गेलाय, बाजूच्या खांबाखालची माती उकलतेय, आणि नानांच्या टाचा जमिनीवर नाहीत.

मग चवडेही सुटले. नाना हातभर वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते घाबरले नव्हते, चक्रावले होते. ज्याला धरून ठेवायला उभे राहिले, तेच त्यांना उचलत होतं. मी माझी दोरी सोडली आणि त्यांचे पाय धरले, तर मीही ओढली जायला लागले. दोरी त्यांच्या डोक्यावर ताठ झालेली, माझा हात तिथे पोचेना. आता छत गेलं तर नाना त्याच्याबरोबर जाणार, हे मला लख्ख कळलं.

जुनी पानं छाटायची कात्री कमरेला होती. मी त्यांचे पाय सोडले. जन्मात केलेलं सगळ्यात अवघड काम ते. पूर्वेच्या पडद्याकडे धावले आणि कात्री वरपासून खालपर्यंत ओढली. मागून नाना ओरडले, "अगं नवा हाय त्यो!" मी दुसरा चिरा मारला, तिसरा मारला. पडद्याच्या चिंध्या बाहेर फडफडायला लागल्या आणि आतला वारा माझ्या अंगावरून, केसांतून, पाठ ढकलत बाहेर निघाला. वर ताणलेला कागद सैल पडला. कमानी करकरत खाली बसल्या.

नाना गुडघ्यांवर पडले. मी जाऊन वेढे सोडवले. मनगट सोलून निघालं होतं, बोटं निळी पडली होती, पण त्यांनी ती एकेक करून हलवून दाखवली. वारा अजून चालूच होता, पण या दारातून येत होता आणि त्या पडद्यातून जात होता. जाणाऱ्या पाहुण्याला कोण अडवतंय!

"पडदा याच वर्षी टाकला हुता," नाना म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. दोरी हाताला गुंडाळणाऱ्या माणसाला येवल्यात गच्चीवर चढू देत नाहीत, म्हटलं. पडदा पडदा काय करताय, सासूबाईंना मी काय सांगितलं असतं, म्हटलं. आणि मध्येच रडायला लागले. नाना चिखलात बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाकरी करती तसं बेतानं रड. जास्त नको." मला रडता रडता हसू फुटलं. अंगातून सगळं बळ निघून गेलं होतं आणि इतकं बरं मला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हात दाखवायला त्यांना नाशिक रोडला नेलं. हाड शाबूत होतं. हुश्श झालं. नवऱ्याने घरी येऊन पडद्याच्या चिंध्या पाहिल्या आणि विचारलं, "हा कुणी फाडला?"

"म्या सांगितलं फाडाय," नाना म्हणाले, माझ्याकडे न बघता.

माणूस धडधाकट समोर बसलेला असला की त्याच्या थापाही गोड लागतात.

आठवड्याभरात पॉलीहाऊसमधल्या दोऱ्या गायब झाल्या. एक मागच्या अंगणात सापडली, तिच्यावर सासूबाईंची लुगडी वाळत होती.

मे महिन्यात पुन्हा तसाच वारा उठला. नानांनी पश्चिमेचा पडदा खाली केला, नवं दार लावून कडी दोनदा तपासली, आणि पूर्वेचा पडदा स्वतः हँडल फिरवून वर केला. मग येऊन ओट्यावर बसले. समोर आमचं पॉलीहाऊस थरथरत होतं, फडफडत होतं, आणि जागच्या जागी होतं. मांडीवर ठेवलेल्या नानांच्या दोन्ही मुठी मात्र आवळलेल्या होत्या, जणू दोऱ्या अजून हातातच होत्या. मी चहा आणला आणि कप पुढे धरला. तो घ्यायला त्यांना मूठ उघडावी लागली.