गुलाबभाईंच्या नावेचा सेल्फ

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी कधी चढते, ते कुणालाच दिसत नाही. एके दिवशी झाकण उघडावे, तर ती बोटभर साचलेली असते! किस्स्यांचेही तसेच आहे. मी दौंड तालुक्यातला एक माळकरी मिस्त्री, गाड्यांचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करणारा. भीमेच्या काठी मी काही किस्से वेचायला जात नव्हतो. पत्नी निवर्तल्यानंतर घरच्या आरतीत टाळ एकाचा आणि आवाजही एकाचाच उरला, तेव्हापासून दुकान बंद केले की पाय आपोआप नदीकडे वळू लागले, इतकेच.

नदीच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर, आणि मध्ये गुलाबभाईंची नाव. कुरकुंभला पाळीवर जाणारे कामगार, बाजाराला निघालेल्या बाया, शाळेचे गुरुजी, सारे त्याच नावेतून. गुलाबभाई पलीकडच्या काठावर एकटेच राहत; मुले भिवंडीला. नावेच्या मागे मुंबईहून आणलेली एक जुनी मोटार बसवलेली होती. बटण दाबले की सेल्फ फिरायचा आणि मोटार लागायची. म्हणजे, लागली तर! हाताने ओढून सुरू करायची दोरी आधीच्या मालकानेच तोडून ठेवलेली. त्यामुळे सेल्फ रुसला की बोलावणे मला. नावेवरचे तिसरे गृहस्थ कांबळे. रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन. हातात वल्हे आणि ओठांवर टोमणा.

त्या वर्षांत शेजारीच पुलाचे खांब वर येत होते. पूल झाला की नाव बंद, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. 

*

खंडेनवमीला उतारूंनी मोटारीची आणि तिच्या बॅटरीची पूजा केली. हळद, कुंकू, फुले, वर नारळाचे पाणी. गुलाबभाई हात जोडून बाजूला उभे. "करा की, करा की, तिलाबी बरं वाटंल!"

दुसऱ्या दिवशी बटण दाबले, तर नुसते 'टक्'. मी बॅटरीची पेटी उघडली. टोकांवर हळदकुंकवाचा ओला लगदा बसलेला, करंटला जायला वाटच नाही.

कांबळे वाकून पाहत मला म्हणाले, "आता घावला का आबा! देव काढावा तर पाप, ठिवावा तर नाव बंद!"

मी टपरीवरून गरम पाणी आणवले, त्यात खायचा सोडा कालवला आणि टोकांवर ओतला. म्हणालो, "देव काढत नाही, कांबळे. देवाला आंघोळ घालतोय."

मोटार लागली. गुलाबभाई गंभीरपणे म्हणाले, "मग रोज घालत जावा!"

*

एकदा गुरुजी नावेत बसले आणि सेल्फ अगदी मुका झाला. 'टक्'सुद्धा नाही. मी फ्यूज पाहिला, वायरी चाचपल्या, बटण खोलले. शाळेची वेळ टळत चालली, तसा गुरुजींचा स्वर चढू लागला. "काय हो, तुमचं दुरुस्तीचं ज्ञान!"

कांबळ्यांनी हात लांब केला आणि गिअरच्या दांड्यावर लटकलेली गुरुजींची जेवणाची पिशवी उचलली. तिच्या वजनाने दांडा पुढे सरकला होता. मोटार गिअरमध्ये असली की सेल्फला करंट मिळू नये, अशी सोय त्यात असते.

"यात माझ्या पिशवीचा काय दोष?" गुरुजी.

"दोष न्हाई, गुरुजी," गुलाबभाई म्हणाले, "मोटारीचं म्हणणं येवढंच हाय, आधी नीट थांबा, मग निघा!"

हेच वाक्य मी कीर्तनात ऐकले असते तर मान डोलावली असती. तिथे मात्र काळ्या हातांनी कपाळ पुसले.

*

मोटारीला एक लाल दोरी असते आणि तिच्या टोकाला एक चिमटा. तो चिमटा जागेवर नसला की सेल्फ गरगर फिरतो, पण ठिणगी पडत नाही. नावाडी पाण्यात पडला तर मोटार आपोआप बंद व्हावी, म्हणून ती.

त्या दिवशी नाव काठाला बांधलेली असतानाच दोरी नाहीशी झाली. सगळ्यांनी पायांखालच्या फळ्या उचलल्या. अखेर ती सापडली एका आजीबाईंच्या मांडीवर, त्यांच्या तान्ह्या नातीच्या मनगटाला गुंडाळलेली! नात चिमटा चघळत होती.

"लाल दोरा दिसला, बांधला," आजीबाई म्हणाल्या. "पोरीला लई नजर लागती."

"आजी, ती सोडा. नाव निघायची नाही," मी म्हणालो.

"आन् पोरीला नजर लागली मंजी?"

गुलाबभाईंनी आपल्या दंडावरचा दर्ग्याचा दोरा सोडला आणि नातीच्या मनगटाला बांधला. आजीबाईंचे मन द्रवले. "आरं, आन् तुला लागली मंजी?"

"मला कोण बगतंय, आजी!"

सगळे हसले. मीही हसलो.

*

एकादशी होती. काही बिघडले नव्हते, नेहमीची तपासणी करायला बसलो होतो. पोटात उपवास, ओठांवर अभंग, आणि हातात तपासणीचा दिवा. ज्या वायरीत करंट असेल तिला टेकवला की तो पेटतो. मी बॅटरीला टेकवला, पेटला नाही. फ्यूजला, बटणाला, सेल्फला टेकवला, कुठेच नाही. उठून उभा राहिलो आणि जाहीर केले, "संपलं, गुलाबभाई. यात आता काही राहिलेलं नाही."

गुलाबभाईंचा चेहरा उतरला. कांबळ्यांनी चेष्टेने बटण दाबले. मोटार धडधडत सुरू झाली!

"आबा, करंट समदीकडं हाय," कांबळे म्हणाले. "तुमचाच दिवा गेलाय!"

घरी येऊन देवासमोर बसलो, तेव्हा कितीही मोठ्याने अभंग म्हटला तरी ते वाक्य काही केल्या त्याच्यामागे दडेना.

*

पूल सुरू झाला. पहिल्या दिवशी गुलाबभाईंनी नाव धुऊन, मोटार पुसून तयार ठेवली. वरून गाड्या जात होत्या. आम्ही तिघे खाली बसून होतो.

दुपारी सायकल घेऊन एक कामगार उतारावरून आला. कांबळे ताडकन उठले. "या साहेब, या! सायकल हिकडं घ्या!"

"न्हाई हो," तो म्हणाला, "पुलावर चढायला रस्ता कुठनं हाय?"

गुलाबभाई त्याला वाट दाखवायला वळणापर्यंत चालत गेले.

पुढे कांबळे मुलाकडे शिक्रापूरला राहायला गेले. नंतर एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "खोलीसमोर नुसते ट्रक, आबा. टोमणा मारावा तर ऐकणारा थांबत न्हाई!" मग मोटारही विकली गेली. नदीच्या खालच्या अंगाचा एक मासेमार बॅटरीसकट घेऊन गेला. पान्याने पकडी सैल करून ती मीच उतरवून दिली.

*

पावसाळा सरल्यावर दूधवाल्याने निरोप आणला. "गुलाबमामांनी सांगितलंय, सेल्फ घेत न्हाई. आबांना म्हणावं, हत्यारं घिऊन या."

 दुकान बंद केले, हत्यारांची पेटी घेतली आणि पुलावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो.

नाव काठावर दगडांवर टेकवून ठेवली होती. मागच्या फळीवर मोटारीच्या पकडींचे दोन वण तेवढे दिसत होते. गुलाबभाई नावेत आपल्या नेहमीच्या जागी बसले होते.

"कधीपासून?" मी विचारले.

"लई दिस झालं, आबा."

"आवाज काही येतो का?"

"काहीच न्हाई. दाबलं की नुसतं गप."

मी त्यांच्यासमोर बसलो, पेटी उघडली आणि पाना हातात घेतला. "दाबा पाहू एकदा."

गुलाबभाईंनी अंगठा पुढे केला आणि जिथे बटण होते तिथे, हवेत, दाबून धरला. आम्ही दोघांनी कान देऊन ऐकले.

"वेळ लागेल, गुलाबभाई," मी म्हणालो.

"लागू द्या की! भात दोघांचाच टाकलाय."