गळलेलं प्रश्नचिन्ह

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात प्राथमिक शाळेत शिकवणारी दलेंदा सुट्टीत कथा लिहायची. वाक्य आधी मोठ्याने म्हणायची. श्वास अडेल तिथे स्वल्पविराम. उद्गारचिन्हांचा मात्र तिला भारी तिटकारा. "रडायचं ते पात्राने रडावं, चिन्हाने कशाला?" म्हणायची.

चुलतभाऊ लझहर बुडाला, त्यावर लिहायचा धीर तिला फार उशिरा झाला. होडीत तेव्हा तिचा धाकटा भाऊ मोंजीही होता. होडी उलटली, लाटेने लझहरला ओढून नेलं, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी ते मानलं. कथेत तिने नावं बदलली, समुद्राच्या जागी विहीर आणली. शेवटी कथेतली आई वाचलेल्या मुलाला विचारते, "तू त्याचा हात सोडलास?" आईला ठाऊक काहीच नाही, नुसती भीती आहे, म्हणून तर ते प्रश्नचिन्ह.

कथा छापलेलं मासिक आलं आणि दलेंदाच्या पायाखालची जमीन सरकली. प्रश्नचिन्ह गळून तिथे पूर्णविराम पडला होता. "तू त्याचा हात सोडलास." विचारणारी आई आता आरोप करत होती.

ती संपादकाला फोन लावणार, तोच मोंजी दारात. हातात तेच मासिक, चेहरा पांढराफटक.

"ताई, तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं? अरे, छपाईची चूक आहे ती!"

त्याला ते ऐकूच गेलं नाही. "एका हाताने होडी धरली होती, दुसऱ्यात तो. होडीवरची बोटं सुटायला लागली. मग सोडलं मी त्याला. ओरडलासुद्धा नाही गं. नुसता बघत राहिला."

दलेंदाने फोन खाली ठेवला. दर ईदला लझहरची आई ह्याच्या ताटात माशाचा सगळ्यात चांगला तुकडा वाढायची.

"काकूला सांगायला हवं," ती कशीबशी म्हणाली.

त्याच दुपारी दोघं गेली. मोंजी सांगत होता तेव्हा काकू माशाचे खवले काढत होती. सुरी थांबली नाही. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाली, "निघा."

पुढे रमजानात काकूचा निरोप आला. मोंजीने उपास सोडायला यावं. "तू पोर होतास, घाबरलास. पण दलेंदाने माझ्या लेकराची गोष्ट केली. तिला आणू नकोस."

मोंजी गेला. दलेंदाला अजून बोलावणं नाही.