घरगुती डिस्क

आमच्या वर्ध्याच्या पॅथॉलॉजी लॅबचं कॉम्प्युटर मशीन सांभाळायला एक टेक्निशियन येतो. त्या एकाच मशीनवर तीन सर्व्हर चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे; मालकांनी आणलेली स्वस्तातली, घरच्या कॉम्प्युटरची डिस्क ते ओळखेचना. यानं ती सर्व्हरचीच आहे अशी खोटी ओळख सॉफ्टवेअरला सांगून ती खपवली.

"सोयरिकीत थोडं झाकाच लागते," म्हणाला. हसला मात्र नाही.

त्यानंतर कधीही आला की आधी झाकण काढून डिस्कवर तळहात ठेवायचा, लेकराचा ताप पाहावा तसा. कशी आहे, मी विचारलं की म्हणायचा, "चालून राह्यली नं." ते 'नं' मला कधीच आवडलं नाही.

परवा डिस्क गेली. पेशंटांचे जुने रिपोर्ट तिच्यातच होते, दुसरीकडे कुठेच नाहीत. मालक ओरडत होते. यानं हात ठेवला, तो कितीतरी वेळ काढलाच नाही.

"अंग गरमच आहे अजून," म्हणाला.