दादाच्या विमानाचा पाइप

माझा दादा पस्तीस वर्षं बसगाड्यांचे सायलेन्सर जोडत आला. बस वळणावर दिसायच्या आधीच तो सांगायचा, "हिचा पाइप मागून फुटलाय." आणि तो फुटलेलाच असायचा. त्याच पाइपांनी त्याचे कान खाल्ले. निवृत्त झाला तेव्हा बारीक आवाज त्याला सोडून गेले होते. चमचा पडला, फोन वाजला, तरी कळायचं नाही. जाड, खालच्या पट्टीतले आवाज तेवढे उरले होते. हळूहळू तेही जातील, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून तो घरामागच्या शेडमध्ये विमान बांधत होता. दोघांचं, एकामागे एक बसायचं. सात वर्षं लागली, त्यातच तो ते उडवायलाही शिकला. सांगाडा त्याने जोडला, पंखांचं कापड वहिनीने शिवलं. तिचं शिवणकामच आहे. दुपारी पत्र्याच्या भोकांतून ऊन आत यायचं आणि त्या पांढऱ्या पंखांवर ठिपके ठिपके होऊन सरकायचं. मी भाजी निवडायला तिथेच बसायची. कधी डोळा लागायचा, आणि जाग आली की शेड जमिनीवर आहे की नाही, हे क्षणभर समजायचं नाही.

शेवटी राहिला धूर बाहेर टाकणारा पाइप. तो केवढा ठेवायचा यात दोन महिने गेले. दादाची रीत ठरलेली. पाइप मुद्दाम लांब ठेवायचा, इंजिन चालू करून ऐकायचं, बंद करायचं, बोटभर कापायचं, पुन्हा ऐकायचं. तो पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. मी बाजूला उभी राहून मनात देवाचं नाव घ्यायची.

अकराव्या वेळी इंजिन बंद झालं तरी तो उतरेना.

"अरे, काय झालं?" मी विचारलं.

"आलं ऐकू," तो म्हणाला. "सगळं. छातीत बसून कुणी बोलावं तसं."

दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या सीटवर बसली. विमान तपासायला येणाऱ्या साहेबांनी एक छोटं कार्ड दिलं होतं. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, तो आत आला तर कार्डावरचा ठिपका काळा पडतो, असं त्यांनी बजावलं होतं. दादाने ते हत्यारांच्या पेटीत टाकून दिलं होतं. जन्मभर धूर हुंगलेल्या माणसाला कार्ड काय शिकवणार, असं त्याचं म्हणणं. वहिनीने ते शोधून आपल्यासमोर चिकटवलं.

मैदानात जमिनीवरूनच तीन फेऱ्या झाल्या. वहिनी कपाळ धरून उतरली. ठिपका काळपट झाला होता.

दादाने आत वाकून हुंगलं. "वास तर काहीच नाही."

"नसतोच म्हणाले ना ते," वहिनी म्हणाली. "अहो, मी झबलं बेतते तेव्हासुद्धा दोन बोटं जास्त ठेवते. तुम्ही आपलं कापत सुटलात."

दादाने तिच्या सीटखालच्या फटी रबराने बुजवल्या, नवं कार्ड लावलं. तेही काळवंडलं.

"मग तुम्ही एकटेच उडा," वहिनी म्हणाली. "सात वर्षं पंख शिवले ते खालून हात हलवायलाच."

"अरे, पण पाइप लांब कर की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

दादा हातातल्या फडक्याची घडी करत राहिला. "लांब केला की त्याचं तोंड तिच्या सीटच्या मागे जाणार. आवाजही मागेच राहणार. मग मला काही ऐकू यायचं नाही."

 ज्यासाठी त्याने हे सगळं मांडलं होतं, ते आत्ता कुठे आम्हा दोघींच्या ध्यानात आलं.

पुढचे चार दिवस तो सकाळी एकटाच शेडमध्ये जायचा, इंजिन चालू करायचा, थोडं ऐकून बंद करायचा.  मी फक्त रोजच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी एक ओळ वाढवली. पाचव्या दिवशी त्याने तो पाइप उतरवला. कापलेल्याला जोड देता आला नसता, हादऱ्यांनी तडकला असता. म्हणून त्याने नवाच केला, आधीच्यापेक्षा दीड वीत लांब, आणि तो लोंबून थरथरू नये म्हणून मध्ये एक पट्टी दिली.

या वेळी ठिपका तसाच फिकट राहिला.

नियमाप्रमाणे दादा आधी एकटा उडाला, पुष्कळ वेळा. मग एका स्वच्छ सकाळी वहिनीला घेऊन. मी मैदानाच्या कडेला होते. चाकं गवतावरून केव्हा सुटली ते दिसलंच नाही. पांढरे पंख उजेडात विरघळत गेले, आणि मला वाटलं, मी अजून त्या शेडमध्येच झोपले आहे.

वहिनी हसत उतरली. दादा सरळ माझ्याकडे आला.

"खालून पाइप कसा वाजत होता, सांग."

शाळेत मला निबंध कधी जमला नाही. तरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी सावकाश, मोठ्याने सांगितलं, "जवळ होतास तेव्हा नुसता घोगरा. लांब गेल्यावर, शेजारच्या खोलीत कुणी हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत असावं तसा. शब्द कळत नाहीत, पण म्हणणं थांबत नाही."

तो ऐकत होता, डोळे मिटून.

"आणि वळताना?" त्याने विचारलं.

मग मी वळतानाचंही सांगितलं.